कृष्णाचा आवाज फुटला आणि जत्रेला 23 दिवस उरले

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललोय तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे कसंय' काढलेत. सगळे नाही निघाले.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, नाहीतर भांडी घासताना ऐकत असाल. आज कोडिंगबद्दल एक शब्द बोलणार नाही. बरं, एक-दोन बोलेन.

मी पुण्यात नोकरी करतो, बॅकएंड लिहितो. गाव मात्र गोव्यात, फोंडा तालुक्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे देवळाच्या जत्रेला गावातलीच माणसं मराठी नाटक करतात, आणि त्यात संगीत नाटकाला मान जास्त. घरात बोलायला कोकणी, मुलांच्या शाळेत इंग्रजी आणि स्टेजवर 1882 सालचं मराठी. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघंही आमच्याच तालुक्यातल्या मंगेशीचे, त्यामुळे गावातला प्रत्येक दुसरा माणूस स्वतःला नाट्यसंगीतातला जाणकार समजतो. चूक काढायला तर सगळेच पुढे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मास्तरांनी बोलावलं. मास्तर म्हणजे आमचे पेटीवाले, वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "यंदा पोरांचं 'सौभद्र' करूया. माझ्याच्याने रोज बसवत नाही. गाणी तू बसव, मी बघतो." मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. का, ते पुढे येईल.

'संगीत सौभद्र' अण्णासाहेब किर्लोस्करांचं. गोष्ट सोपी आहे. बलरामाला बहिणीचं, सुभद्रेचं, लग्न दुर्योधनाशी लावायचंय. तिचं मन अर्जुनावर. आणि कृष्ण मध्ये बसून सगळ्यांना खेळवतो. अर्जुन संन्यासी होऊन येतो. खरं तर फुल रोमँटिक कॉमेडी आहे. पूर्वी असली नाटकं रात्रभर चालायची. आम्ही कापून दीड तासावर आणलं, नांदी धरून दहा पदं ठेवली. मुलं अकरा, वय 13 ते 17. कुणाचंच नाव मी सांगणार नाही, पात्राच्या नावानेच बोलतो.

आता माझी पहिली इंजिनियरगिरी. मी एक शीट केली. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवलं, फोनवर ट्यूनरचं ॲप लावलं आणि सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर लिहून घेतला. मग प्रत्येक पदाचा खालचा आणि वरचा सूर लिहिला. दोन्ही जुळवले की पट्टी ठरली. सुभद्रेला काळी चार, कृष्णाला काळी चार, नारदाला पांढरी पाच, असं. रविवारी दुपारी शीट हिरवीगार झाली, आणि मी स्वतःवर जाम खूश.

पहिल्याच आठवड्यात सुभद्रेने तोंड पाडलं. पद तिच्या रेंजमध्ये बसत होतं, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा दुखायचा. मला कळेना. मास्तरांनी शीट चष्मा वर करून बघितली आणि म्हणाले, "अरे, ती वरच्या प ला एकदा जाऊन येऊ शकते. पण पद सगळा वेळ तिथंच बसलंय. शिडीच्या वरच्या पायरीला हात लागतो म्हणून माणूस तिथं उभा राहून जेवत नाही." मी टोकं मोजली होती, मुक्काम मोजलाच नव्हता. पदाची चाल जास्त वेळ कुठल्या सुरांत फिरते ते बघायचं, आणि ते सूर मुलाच्या आरामाच्या सुरांवर आले पाहिजेत. हा कॉलम शीटमध्ये टाकला तर दहातल्या सहा पट्ट्या बदलल्या. सुभद्रा काळी तीनवर आली आणि तिचा घसा दुखायचा थांबला.

पट्टी बदलणं हे तुम्हाला ॲपमधल्या स्लायडरसारखं वाटत असेल. पेटीवाल्याची बोटं बदलतात, तो पुन्हा बसून घोटतो. आणि तबला! तबला गायकाच्या षड्जाला लावलेला असतो. थोडं चढवता-उतरवता येतं, फार नाही. काळी चारचं पद आणि काळी एकचं पद एकाच नाटकात असेल तर तबलजीला दोन तबले घेऊन बसावं लागतं. आमच्याकडे तीन झाले. तिसरा शेजारच्या गावातून आणला, तोही जत्रेच्या आदल्या दिवशी परत करायचा होता. ते प्रकरण वेगळं सांगेन कधीतरी.

आता बलराम. आमचा बलराम 16 वर्षांचा, उंच, आवाज खणखणीत, संवाद असे म्हणतो की मागच्या रांगेतल्या आज्या दचकतात. पण गाताना सूर कुठेच नाही. मी पेटीवर सा दिला की तो भलतंच काहीतरी धरतो. नांदीला सगळे एकत्र उभे राहतात, त्यात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर आणि वेगळाच. दोन आठवडे झाले, तीन झाले. एका संध्याकाळी माझ्या तोंडातून जवळजवळ निघालंच, "तू नांदीला नुसतं तोंड हलव."

इथे थांबून जुनी गोष्ट सांगतो. मी 12 वर्षांचा असताना याच देवळात, याच मंडपात, मला हेच वाक्य सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं ते सोडा. मी तोंड हलवलं. आई समोर बसून बघत होती आणि नंतर म्हणाली, "छान गायलास." त्या रात्री मला इतकी लाज वाटली की मी पुढे पेटी शिकलो. पेटीवर पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो, कुणी काही म्हणू शकत नाही. आजही चारचौघांत मी गात नाही. मुलांना शिकवतानासुद्धा मी पेटीवर वाजवून दाखवायचो, तोंडाने नाही. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तर ते वाक्य मी गिळलं आणि बलरामाला थांबवून घेतलं. म्हटलं, "तू मला सूर दे. तुला जो येईल तो." तो लाजत 'आ' म्हणाला. मी तो सूर पेटीवर शोधला आणि तोच धरला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. पहिल्यांदाच पेटी आणि तो एका ठिकाणी होते. मग मी हळूच एक सूर वर गेलो, तो आला. खाली गेलो, आला. पाच-सहा सुरांपर्यंत तो अगदी नीट होता. भानगड इतकीच होती की त्याचा आवाज वर्षापूर्वी फुटून खाली गेलेला, आणि मी त्याला मुलींच्या पट्टीतला सा देत होतो. तो सूर कुठे ठेवायचा, वर की एक सप्तक खाली, हेच त्याला कळत नव्हतं. मध्ये कुठेतरी लटकायचा. ज्यांना आपण बेसूर म्हणतो त्यातले सगळे नाही, पण बरेच असे असतात. कानात खोट नसते, त्यांना आपली जागाच कुणी दाखवलेली नसते. नांदी त्याला एक सप्तक खाली दिली. तिला उलट वजन आलं.

आणि त्याला तोंडाने गाऊन दाखवल्याशिवाय हे जमत नव्हतं. त्यामुळे मी गायलो. वाईट गायलो. मुलं हसली, मग त्यांचीही भीड चेपली.

शब्दांचा घोळ तर विचारू नका. अर्ध्या मुलांनी पदं वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून आणली होती. आता इंग्रजीत 'के ए एल' लिहिलं की ते काल, काळ, कळ, कल यातलं काहीही असू शकतं. 'बी ए एल'चंही तेच, बाल, बाळ आणि बळ. आमची रुक्मिणी दोन आठवडे एका शब्दात ळ च्या जागी ल म्हणत होती आणि अर्थ भलताच होत होता. मी फतवा काढला, पदं हाताने देवनागरीत लिहायची, प्रत्येक शब्दाखाली कोकणीत अर्थ. खूप कुरकुर झाली. पण कोकणीत अर्थ लिहिला आणि सुभद्रा म्हणाली, "म्हणजे हिला न विचारता लग्न ठरवलंय आणि ही सगळ्यांना विचारतेय की मी आता कुणाकडे जाऊ?" हो बाई, तेच. दुसऱ्या दिवसापासून ते पद तिने वेगळंच म्हटलं. मी काही शिकवलं नव्हतं.

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात. म्हणून ऑनलाइन तालीम ठेवली. कृपा करून हे करू नका. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. बोलताना ते कळत नाही. पण तालात तो उशीर म्हणजे प्रत्येक जण वेगळ्या मात्रेवर. वर त्या ॲपचं नॉइज कॅन्सलेशन तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं! सलग, एकसारखा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्याचं गणित. ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण अकरा घरांतल्या अकरा फोनवर कोण करणार? शेवटी पद्धत अशी बसली की मी प्रत्येकाच्या पट्टीत तानपुरा आणि पेटी रेकॉर्ड करून पाठवायचो, ते त्यावर गाऊन एकच कडवं परत पाठवायचे, आणि मी बसमध्ये ऐकून उत्तर द्यायचो. ब्लूटूथ इअरफोन मात्र बंद, साधा वायरवाला. ब्लूटूथलाही उशीर असतोच.

संगीत नाटकातली सर्वांत अवघड जागा कुठली, सांगा बघू? तान नाही. बोलता बोलता गाण्यात शिरणं. पात्र संवाद म्हणतंय, आणि शेवटच्या वाक्याखाली पेटी हळूच सूर देते. तो सूर कानाने उचलायचा, चेहऱ्याने दाखवायचं नाही. मुलं काय करायची? संवाद संपला, शांतता, पेटीकडे मान वळवली, घसा साफ केला, मग गाणं. नाटक तिथेच मेलं. यावर मास्तरांचा जुना उपाय आहे. संवादाचं शेवटचं वाक्य पदाच्या सा च्या आसपासच बोलायचं. चढवायचं नाही, ओरडायचं नाही. बोलणं आधीच सुराच्या घरात येऊन बसलं की गाणं म्हणजे फक्त पुढचं पाऊल. आम्ही हे वाक्य-सूर, वाक्य-सूर इतकं घोटलं की मुलं घरी जेवायला वाढ म्हणतानाही सा लावायची, अशी तक्रार एका आईने केली.

बरं, आता कृष्ण.

आमचा कृष्ण 14 वर्षांचा. दिवाळीत त्याचा आवाज म्हणजे, काय सांगू, तारेवर पाणी घरंगळावं तसा. काळी चारमध्ये सहज. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढणारं जे प्रसिद्ध पद आहे ते त्याचं. मुलांना त्यातल्या शृंगाराचं आधी हसू आवरेना, पण तो गायला लागला की गप्प व्हायची.

डिसेंबरच्या शेवटी त्याचे वरचे सूर खरखरायला लागले. तो म्हणाला, "म्हाका जमना." मला नाही जमत. आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "प्रॅक्टिस कमी पडतेय." रोज वरच्या जागा जास्त घोटायला सांगितल्या. पाच दिवसांनी त्याने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एका जागी चक्क गायब होता. नुसती हवा. मग दोन भलतेच सूर, एक म्हशीसारखा आणि एक शिट्टीसारखा.

आवाज फुटणं म्हणजे काय ते मी तेव्हा नीट वाचलं. वयात येताना मुलांचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. लहान मुलाच्या बोलण्याचा सूर साधारण 250 हर्ट्झच्या आसपास असतो, मोठ्या पुरुषाचा 110 ते 130. म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली. आणि हे सावकाश, ठरवून होत नाही. काही आठवड्यांत घसरू शकतं आणि मेंदूला नवीन वाद्य हाताळायची सवयच नसते. अशा वेळी वरचे सूर ताणून काढणं म्हणजे सुजलेल्या पायावर धावणं. मी त्याला नेमकं तेच करायला लावलं होतं, पाच दिवस. त्याने सांगितलेलं असताना. याची जबाबदारी माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

आठवडाभर गाणं पूर्ण बंद केलं. बोलणंही बेताचं, कुजबुज तर अजिबात नाही, कारण कुजबुजूनही घसा ताणतोच. मग हळू गुणगुणणं, घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवत वर-खाली जाणं, आणि ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर धरणं. हे शेवटचं हास्यास्पद दिसतं, पण खरोखर उपयोगी आहे. तंतूंवरचा ताण कमी होतो.

इकडे गावात चर्चा सुरू. कुणी म्हणालं, कृष्ण बदला. कुणी म्हणालं, पडद्यामागून मोठ्या गवयाला गाऊ द्या, पोरगा तोंड हलवेल. परत तेच वाक्य! मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "जुन्या कंपन्यांत पोरंच गायची. केशवराव भोसले 'शारदा' करायचे तेव्हा एवढेसे होते. आवाज फुटला म्हणून त्यांचं गाणं संपलं का?" सगळ्यांचं असं होत नसे, कितीतरी पोरांचं गाणं तिथेच थांबलं असणार, हे मास्तरांनाही माहीत होतं. पण वाद तिथे मिटला.

मुलाची नवी रेंज काढली. जेमतेम सात-आठ सूर भरवशाचे. पद काळी चारवरून काळी एकवर आणलं, तरी अंतऱ्यातला वरचा भाग हाताबाहेर. तेव्हा मास्तर एका दुपारी पेटी घेऊन बसले आणि त्यांनी त्या जागांना खालचं वळण बांधलं. तोच राग, तोच ताल, पण जिथे चाल वर झेपावते तिथे ती आता वळून खाली उतरते. मला विचाराल तर मूळ चाल जास्त सुंदर आहे. एका जाणकारांनी जत्रेनंतर तोंडावर सांगितलंही, "ही कुठली चाल?" त्यांचं बरोबर होतं. पण आमच्यापुढे प्रश्न चालीचा नव्हता.

जत्रेची रात्र. देवळासमोर मंडप, पुढे आज्या खुर्च्यांवर, मागे फेरी, भजी, फुगेवाले. मॉनिटर स्पीकर मी हट्टाने मागून घेतला होता, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की मुलं ओरडतात आणि ओरडलं की सूर सुटतो. नांदी झाली, बलरामाचा खालचा सा मला पेटीजवळ स्पष्ट ऐकू येत होता. सुभद्रेला वन्स मोअर मिळाला. तिने मास्तरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तिने एकच कडवं पुन्हा म्हटलं. हे आधी ठरवलेलं होतं, वन्स मोअर मिळाला तर पूर्ण पद नाही.

मग कृष्ण. मुखडा ठीक. दुसऱ्या आवर्तनात, खालच्याच एका साध्या सुरावर, आवाज फुटला. मोठ्याने. मागची पोरं हसली. माझी बोटं थांबली, खरंच थांबली. तबला चालू. त्याने रुक्मिणीकडे बघितलं, ती पाठ फिरवून रुसलेली. तो एक आवर्तन गप्प राहिला, तिच्याभोवती फिरून समोर गेला आणि तीच ओळ अर्धी बोलत, अर्धी गात तिला म्हणाला. जणू ती ऐकत नाही म्हणून पुन्हा सांगतोय. लोक पुन्हा हसले, पण आता कृष्णाच्या बाजूने. पुढचं पद त्याने पूर्ण केलं.

मी खूश होतो. तो नव्हता. नाटक संपल्यावर सगळे जेवायला बसले, तो घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी व्हॉइस नोट पाठवली, निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी पुण्याला निघालो. वाटेत परत काही पाठवावंसं वाटलं, पाठवलं नाही. काय बोलणार? 'छान गायलास' म्हणणार होतो. ते वाक्य मला कसं लागलं होतं ते मला माहीत होतं.

नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला. टेक्स्ट नाही, रेकॉर्डिंग, अठरा सेकंदांचं. तानपुरा लावून त्याने नुसता सा धरला होता. पांढरी सातला. म्हणजे अजून खाली सरकलाय. सूर हलत होता, पण होता. खाली लिहिलं होतं, "हा माझा आहे की अजून बदलणार?"

मी खरं ते लिहिलं. अजून बदलेल, दर पंधरा दिवसांनी असाच पाठव, मी लिहून ठेवतो. शीटमध्ये त्याच्या नावाने नवीन टॅब केलाय. आत्तापर्यंत चार नोंदी झाल्यात.

चला, माझा स्टॉप आला. तुमच्या गावात कुणी मुलांकडून पदं बसवत असेल आणि ती शीट हवी असेल तर कळवा, मुलांची नावं काढून पाठवतो. त्यातला 'मुक्काम' हा कॉलम आधी भरा.